अपुऱ्या दिवसांचे डोळे

मराठी भाषा गर्भारपण दिवसांनी मोजते. बाईला दिवस जातात, तिचे दिवस भरतात, आणि ते भरण्याआधीच मूल जन्मले तर ते अपुऱ्या दिवसांचे म्हटले जाते. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत आमच्या लहानपणी घरोघरी मोठ्या ठामपणे सांगितली जाई. तिच्यात तथ्य नाही; गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या बाजूनेच असतो. परंतु ‘अपुरे दिवस’ हा शब्दप्रयोग मात्र किती नेमका आहे, हे मला वयाच्या साठीनंतर एका नवजात कक्षाच्या बाहेर बसून कळले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्या गर्भाच्या सुमारे १६व्या आठवड्यात मध्यापाशी उगवतात आणि कडांकडे सरकू लागतात. नाकाकडच्या कडेला त्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास पोचतात, कानाकडच्या कडेला ४०व्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे दिवस भरणे आणि डोळा भरणे ह्या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी पुऱ्या होतात. मधेच जन्म झाला तर पडद्याचा बाहेरचा भाग रक्तवाहिन्यांवाचून कोरडा राहतो आणि त्यांची पुढची वाटचाल उघड्या जगात, यंत्रांच्या आवाजात आणि दिव्यांच्या उजेडात व्हावी लागते.

२०१८ च्या पावसाळ्यात मी म्हैसूरला लेकीकडे गेले होते. तिचे घर हेब्बाळ भागात. म्हैसूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजवाडा, दसरा आणि चंदनाचा साबण येतो. हेब्बाळला ह्यांपैकी काहीच नाही. तिथे औद्योगिक वसाहत आहे, कारखान्यांच्या कुंपणभिंती आहेत, इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे आणि ह्या सगळ्यांत आपले अस्तित्व राखून असलेले एक तळे आहे. मी गेले होते ती बाळंतपणासाठी नव्हे. त्याला अजून अडीच महिने अवकाश होता. नात २९व्या आठवड्यातच जन्मली. वजन ११४० ग्रॅम. शहरातल्या एका रुग्णालयाच्या नवजात कक्षात तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आपली रीत. काचेच्या पेटीपुढे पाट मांडता येत नाही. माझा सटवाईवर विश्वास नाही. तरी त्या रात्री मला पाट मांडण्याची इच्छा झाली, हे नमूद केले पाहिजे.

विसाव्या दिवशी डोळे तपासायचे, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवले होते. डोळे तर चांगले दिसत होते. लाली नाही, पाणी नाही, चिकटा नाही. ह्या आजाराचा कपटीपणा इथेच आहे: बाहेरून तो काहीही सांगत नाही. बाहुलीत पांढुरकी छटा दिसू लागते तेव्हा पडदा सुटलेला असतो आणि करण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून तो शोधावाच लागतो, आणि शोधण्याची वेळ ठरलेली असते. भारतात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बालकाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी, आणि २८ आठवड्यांच्या आतल्या अथवा १२०० ग्रॅमखालच्या बालकाची त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांतच, असा दंडक आहे. ‘तीस दिन रोशनी के’ हे त्यासाठी केलेले हिंदी घोषवाक्य. घोषवाक्यांविषयी माझे मत एरवी चांगले नाही. ह्याला मात्र मी शंभर गुण देईन, कारण त्यात विशेषण नाही, फक्त मुदत आहे.

ह्या आजाराचा इतिहास एखाद्या शोकनाट्यासारखा आहे. १९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी ह्यांनी त्याचे पहिले वर्णन केले. पुढची दहा-बारा वर्षे तो मुख्यतः संपन्न देशांतल्या उत्तम रुग्णालयांतच फैलावत गेला आणि जगभरात सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. गरीब देशांत तो नव्हता. तिथे इतकी लहान मुले जगतच नव्हती. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल ह्यांनी संशय घेतला तो मुलांना मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचा. आपल्या भाषेत त्याला प्राणवायू म्हणतात, आणि ज्याच्या नावातच प्राण आहे त्याच्यावर आरोप करणे किती अवघड असेल! वॉशिंग्टनमध्ये डॉ. अर्नल पॅट्झ काही मुलांना बेताचाच ऑक्सिजन देऊन प्रयोग करीत होते, तेव्हा रात्रपाळीच्या काही परिचारिका त्या मुलांच्या दयेने गुपचूप तोटी वाढवून ठेवीत. ही हकीकत वाचल्यापासून मला त्या परिचारिकांना दोष देता आलेला नाही. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने संशय खरा ठरवला. मग सगळीकडे ऑक्सिजन आखडला गेला, आणि आंधळेपण घटले तशी मुले मरू लागली. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या एका हिशेबाप्रमाणे, वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा मुलांचा जीव गेला असावा. जास्त दिला तर डोळे जातात, कमी दिला तर प्राण. आज पायाच्या पंजाला लावलेल्या लाल दिव्याच्या यंत्रावरून रक्तातला ऑक्सिजन शेकडा ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात. नवजात कक्षातले सारे शहाणपण ह्या पाच अंकांच्या पट्टीत मावते.

आपल्याकडे ही साथ उशिरा आली, आणि ती प्रगतीच्या मागोमाग आली. ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात कक्ष उघडले आणि पूर्वी गेली असती अशी मुले वाचू लागली. पण कक्ष आधी येतो. ऑक्सिजन मोजून-मिसळून देणारे यंत्र मागून, आणि डोळे तपासणारा तज्ज्ञ त्याहूनही मागून. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत ज्यांना सहसा हा आजार होत नाही अशी थोडी मोठी, थोडी वजनदार मुलेही इथे सापडतात, आणि आपला दंडक त्यांच्यापेक्षा सैल ठेवावा लागतो. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेव्हा त्याच्या तीस आजारांच्या यादीत ह्याचे नाव होते. यादीत नाव असणे आणि डॉक्टर दारी येणे ह्यांत मात्र अंतर असते. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची एक मुलगी जन्मली. डोळे तपासून घ्या, असे तिच्या आईबापांना कुणी सांगितले नाही. तिची दृष्टी गेली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली. निकाल लागला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आठवडे तेच २९, हे मला नातीच्या कागदांवर वाचताना आठवले आणि आठवू नये असेही वाटले.

कर्नाटकाने ह्या अंतरावर जो उपाय काढला तो मला विलक्षण वाटतो. बंगळूरच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विनेकर ह्यांनी २००८ मध्ये ‘किड्रॉप’ नावाचा उपक्रम सुरू केला. एवढ्या लहान मुलांचे दृष्टिपटल वाचू शकणारे तज्ज्ञ थोडे. ते गावोगाव फिरू शकत नाहीत. मग प्रशिक्षित तंत्रज्ञांनी गाडीत कॅमेरा घालून जिल्ह्याच्या गावी ठरलेल्या वारी जायचे, चित्रे काढायची, आणि तज्ज्ञाने ती दूर बसून, प्रसंगी फोनच्या पडद्यावर, पाहून निर्णय द्यायचा. राज्य सरकारनेही त्यात भागीदारी केली. डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरचे काम करावे काय, ह्यावर वाद झाला असणारच. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉ. सुचेता कुलकर्णी ह्यांनीही नवजात कक्षांपर्यंत जाऊन तपासण्याची वाट धरली. मुलाने डॉक्टरकडे यावे ही अपेक्षाच दोघांनी सोडून दिली.

विसाव्या दिवसाची तपासणी मी पाहिली. लेक पाहू शकली नाही. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, मग बधिर करणारा थेंब, पापण्या ताणून धरणारा तारेचा इवलासा चाप, जिभेवर साखरेच्या पाण्याचा ठिपका. नात रडली, पण आवाज मांजराच्या पिलाएवढाच. कड अपुरी आहे, आजार सुरू झाला आहे, आठवड्याने पुन्हा पाहू, असे सांगितले गेले.

त्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर बसून मी जे ऐकले, त्याने मला अस्वस्थ केले. ग्रहणात बाहेर पडली होतीस का, पपई खाल्ली होतीस का, असे प्रश्न तिथे प्रत्येक आईला विचारले जात. कानडी मला येत नाही, पण प्रश्नाचा सूर कोणत्याही भाषेत ओळखू येतो. आपल्या महाकाव्यातही अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मला. मुलाच्या अंधत्वाचे कारण आईच्या वर्तनात शोधण्याची ही सवय इतकी जुनी आहे. गांधारीच्या तुपाच्या घड्यांत काचेची पेटी शोधणाऱ्या मंडळींचा मला कंटाळा आहे. त्यांनी अंबिकेची कथा एकदा ह्या बाकावर बसून वाचावी. इथे शास्त्र आईला जे देते ते औषधाहून मोठे असते. ते तिला सांगते की कारण दिवसांत आहे, वायूच्या मापात आहे, तुझ्यात नाही. लेकीला हे दोनदा समजावून सांगावे लागले. दुसऱ्यांदा तिने ऐकले.

पुढच्या दोन तपासण्यांत आजार वाढला. रक्तवाहिन्या फुगून नागमोडी झाल्या होत्या. अशा अवस्थेत दोन-तीन दिवसांच्या आत लेझर करावा लागतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी जावयांनी विचारले, नेमके काय करणार? पडद्याचा जो भाग अपुरा आहे तो भाजून टाकायचा, म्हणजे तो नव्या वाहिन्यांना हाक मारणे थांबवतो आणि मधला भाग, ज्याने माणूस वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो वाचतो. कडेची नजर काहीशी द्यायची, मधली ठेवायची. नात आता शाळेत जाते. चष्मा जाड आहे आणि पुस्तक ती नाकाला लावून वाचते.

माझ्या शेजारी त्या दिवसांत नंजनगूडकडून येणारी एक तरुण बाई बसत असे. कापडाच्या कारखान्यात शिलाईला होती; मला ‘अज्जी’ म्हणे आणि आपल्या मुलाकडे बोट दाखवून ‘कण्णु, कण्णु’ म्हणत डोळ्यांवर हात ठेवून दाखवी. मुलगा घरी सोडला होता, तपासणीसाठी दर आठवड्याला आणायचा होता. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडे. चौथ्या आठवड्यात ती आली नाही. परिचारिकेने वहीत तिच्या नावासमोर बोट ठेवले आणि फोन लावला. तो बंद होता. दुपारी पुन्हा लावला. मग तिने वहीतून गावाचे नाव वाचले आणि तिथल्या आशा कार्यकर्तीचा नंबर शोधू लागली.