जागच्या जागी सायकल

एरवी मी आपल्याशी बियाणे आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज माझ्या रक्तातल्या साखरेविषयी बोलणार आहे.

माझ्या वडिलांचा एक पाय मधुमेहाने गेला. गेल्या वर्षी माझीही साखर वाढलेली निघाली. आठवड्याला निदान 150 मिनिटे व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. मी सायकल काढली. पण आमच्या मानोऱ्याची काळी माती! पाऊस पडला की चाक फिरत नाही. म्हणून घरातच सायकल चालवण्याचा घडीचा स्टँड घ्यायचे ठरवले. यात मागचे चाक उचललेले राहते आणि एका रुळावर टेकून फिरते. त्या रुळाला ओढ लावलेली असते. ती कोणती घ्यावी, हाच खरा प्रश्न.

पहिली ओढ पंख्याची. ती स्वस्त असते. पण वेग दुप्पट केला की हवेचा अडसर जवळजवळ चौपट होतो. एका स्नेह्याचा असा स्टँड आणून मी पहाटे जोशात पायडल मारले. घोंघाटाने बारावीतली मुलगी उठून बसली आणि माझे गुडघे तीन दिवस धरले.

दुसरी तेलाची. बंद डब्यातल्या तेलात पाती फिरतात. चाल मऊ, आवाज कमी. पण किंमत जास्त. तेल गळू लागले तर आपल्याकडे दुरुस्त कोण करणार?

तिसरी चुंबकाची. चुंबकाजवळ धातूची चकती फिरते. दोन्ही एकमेकांना लागत नाहीत, म्हणून झीज नाही. खटका सरकवून ओढ कमी-जास्त करता येते. वीजही लागत नाही. मी हाच घेतला.

आपण नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो का? आधी हलके काम, मग जड. मीही पहिला महिनाभर सर्वांत हलक्या खटक्यावरच होतो. म्हणून सांगतो, जास्तीत जास्त ओढ किती हे विचारू नका. कमीत कमी किती हे विचारा.

घेण्यापूर्वी आपली सायकल त्यात बसवून पाहा. जुन्या 28 इंची सायकलचे चाक आणि आसाचे नट प्रत्येक स्टँडमध्ये बसतातच असे नाही. चाकात हवा पुरती ठेवा. आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.

मुलगी आता आवाजाने उठत नाही. संध्याकाळी मात्र विचारते, "बाबा, आज किती मिनिटं?" खोटे सांगवत नाही.