स्लॅबची खोली

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. आमच्या सोलापूरच्या घरातली स्लॅबची खोली माझ्याच हट्टानं झाली, १९९४ साली. मी लग्न होऊन आले तेव्हा सबंध घर माळवदाचं होतं. दोन हात रुंद भिंती, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. माहेरची माणसं आली की मला कोण लाज वाटायची! मागची पडवी पाडून तिथं स्लॅब पडला, तेव्हा कुठं माझा जीव शांत झाला.

संडास-बाथरूम त्याच बाजूला, म्हणून पुढं ती खोली सासूबाईंची झाली. २०२४ च्या मे महिन्यात रात्री दीड वाजता त्यांना तिथंच चक्कर आली. पंखा पाचवर होता, पण वरून नुसत्या झळा. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलंय. उन्हात कुठं गेल्या होत्या?" काय सांगणार? आठ दिवस त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

मग घरात खल सुरू झाला. ह्यांचं म्हणणं, "सगळं माळवद काढू, सरसकट स्लॅब टाकू, दोन एसी बसवू." निवृत्तीचे पैसे हातात होते. मीही हो म्हणणार होते, खोटं कशाला बोलू! पण अंदाज घ्यायला आलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "वहिनी, रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावा. मग पुढच्या माळवदाखाली जाऊन तिथल्या तुळईला लावा."

लावला. स्लॅब तव्यासारखा तापलेला, नि माळवद गार. दिवसभर पोटात घेतलेलं ऊन स्लॅब रात्रभर खाली सोडतो. पंखा तीच हवा आपल्या अंगावर ढकलतो. एसी लावला तरी तो आधी त्या तापल्या छताशीच झगडणार, आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला दीडेक युनिट खातो. आपल्याकडे शंभर युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे तुम्हांला बिल बघून ठाऊक असेलच.

तेव्हा आम्ही यादी उलटी केली. आधी ऊन अडवायचं, मग यंत्रं घ्यायची. तुम्हीही घराला हात घालणार असाल तर आधी ती रात्रीची परीक्षा करा. छत, पश्चिमेची भिंत, खिडकीची काच, जे जास्त तापलेलं असेल तिथं पहिला पैसा.

आम्ही गच्चीच्या भेगा बुजवून, पाण्याला उतार देऊन पांढऱ्या चायना चिप्स बसवल्या. पांढरा रंग ऊन परतवतो. एवढा खर्च झेपत नसेल तर चुन्याच्या निवळीत डिंक घालून दोन हात मारा. पावसानं तो धुपतो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो, पण काम तेच करतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा होता. तो काढून बाहेरून बांबूची चिक सोडली. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तरी काय करणार?

पंख्यांचा हिशेब मी स्वतः मांडला. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. पाच पंखे रोज दहा तास फिरले तर जुन्यांना पावणेचार युनिट, नव्यांना दीड. हे म्हणाले, "बँकेत होतो मी की तू?"

सौर पॅनेल मात्र ह्यांच्याच हौसेनं आले. २०२४ मध्ये केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली, तिच्यात दोन किलोवॅटला साठ हजारांचं अनुदान मिळालं. वजनाच्या भीतीनं ते माळवदावर बसवले नाहीत, स्लॅबवर बसवले. त्यामुळं स्लॅबला आयती सावली झाली. मुळात ह्यांना तीन किलोवॅटचे हवे होते. पण घराची भूक आधी कमी केल्यानं दोनात भागलं.

एक चूक मिस्त्रींनी होऊ दिली नाही. पुढच्या भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर करून गुळगुळीत करायचं माझ्या मनात होतं. मातीच्या भिंतीत शिरलेली ओल त्याआड कोंडते आणि भिंत आतून फुगते. म्हणून चुन्याचंच केलं. खडबडीत दिसतं, दिसू दे.

एसी एकच घेतला, पाच तारेवाला, सासूबाईंच्या खोलीत. परवा रात्री बघते तर तो बंद, पलंग रिकामा. शोधलं, तर पुढं माळवदाखाली चटई टाकून निजलेल्या! "अहो आई, इतका खर्च केला तुमच्यासाठी." तर म्हणतात, "त्या खोलीला तुझा हट्ट लागलाय, तूच नीज तिथं."

आता माळवदावर पांढरी माती चढवायची राहिली आहे. पावसाआधी व्हायला हवी. मिस्त्रींना निरोप धाडला आहे.