सातव्या महिन्यातलं पत्र

चि. सोनू,

तुझा मेसेज वाचला. ‘मावशी, मला लहानपणी आईजवळ राहायला मिळालं नाही. मला आई होणं जमेल का गं?’ फोनवर घाईत धीर देण्यापेक्षा नीट लिहावं म्हटलं. बालमानसशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि तुझं लहानपण मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्हींच्या भरवशावर लिहिते.

तुझ्या जन्माच्या वेळी ताईच्या कंपनीत बाळंतपणाची रजा मिळाली बारा आठवडे. कायद्यात तेव्हा तेवढीच होती. डोंबिवलीची एक खोली, दोघांच्या नोकऱ्या, लोकलची धावपळ. शेजारच्या काकूंनी तुला वर्षभर सांभाळलं. त्या गावी गेल्या आणि तुला चिपळूणला आजीकडे ठेवावं लागलं. ताईची एसटी सुटली तेव्हा तू आजीच्या कडेवर बिस्कीट खात होतीस. रडली नाहीस. ‘किती शहाणी पोर!’ म्हणून घरात अजून कौतुक होतं.

त्या न रडण्याबद्दल तुला काही सांगायचंय. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडामध्ये आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला तान्ही मुलं आणि त्यांच्या आया यांचा बारकाईने अभ्यास केला. बाल्टिमोरला त्यांनी वीसेक मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षभराचं मूल अनोळखी खोलीत असतं, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. ती परतल्यावर मूल काय करतं, यावर त्यांची मुख्य नजर होती. बरीचशी मुलं आईकडे झेपावत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही आईला चिकटत, पण रागावलेलीच राहत. आणि काही मान फिरवून खेळण्यातच गुंतलेली राहत, जणू काही घडलंच नाही. पुढे संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते चांगलेच वाढलेले निघाले. रडून उपयोग नाही हे कळलेलं मूल रडणं थांबवतं. त्याचं दुःख थांबलेलं नसतं.

जावई दौऱ्यावरून परतले की तू दार उघडून तशीच ओट्याकडे वळतेस, हे तूच मला सांगितलं होतंस. ‘राग नसतो गं, पण जवळ जायला दोन दिवस लागतात.’ याला तू तुझा कोरडेपणा समजतेस. मला ती त्या वयात अंगवळणी पडलेली सावधगिरी वाटते. तेव्हा तिने तुला सांभाळलं. आता तिची गरज उरलेली नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती घरात कुणी बोलत नाही. शाळेसाठी तुला डोंबिवलीला परत आणलं, तेव्हा सगळे खूश होते. पोर आईबापांकडे आली! पण साडेतीन वर्षं रात्री उठून ज्या बाईला तू हाक मारायचीस, ती मागे राहिली होती. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्याचा हा सगळा सिद्धांत मांडणारे जॉन बोल्बी लंडनच्या सुखवस्तू घरात वाढले. आई भेटायची दिवसाकाठी तासभर. बाकी सारं दाई बघायच्या. त्यांची लाडकी दाई ते चारेक वर्षांचे असताना निघून गेली. जिने पूर्णपणे सांभाळलं ती दाई सोडून जाणं मुलासाठी जवळजवळ आई गमावण्याइतकंच दुःखाचं असू शकतं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. तुझी पहिली ताटातूट सगळ्यांना आठवते. दुसरी मात्र तू एकटीने सोसलीस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. १९८०च्या दशकात मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली. लहानपणी आईशी असलेल्या नात्याचं वर्णन करणारे पाच शब्द सांगा, आणि प्रत्येक शब्दामागची एखादी आठवण सांगा. कुणी ‘प्रेमळ, छान’ म्हणून मोकळं होतं, पण आठवण एकही सांगता येत नाही. कुणी जुन्या रागात इतकं अडकलेलं असतं की बोलणं संपत नाही. आणि कुणी हालाखीचं बालपणही सरळ, सुसंगत सांगतं. काय लागलं, कुणी का तसं केलं, आज त्याचं काय वाटतं. लंडनला पीटर फोनागी आणि स्टील दांपत्याने पहिलटकरणींची हीच मुलाखत गरोदरपणात घेतली. मुलं वर्षाची झाल्यावर पाहिलं, तर सुमारे तीन चतुर्थांश जोड्यांमध्ये बाळाचं आईशी असलेलं नातं मुलाखतीवरून बांधलेल्या अंदाजाप्रमाणेच निघालं. बालपण सुखाचं होतं की कष्टाचं, एवढ्यावर ते ठरत नव्हतं. आईने स्वतःच्या बालपणाशी किती खरेपणाने ओळख करून घेतली आहे, त्यावर बरंच अवलंबून होतं.

म्हणून तुला जमेल असं मी म्हणते, आणि ते मनापासून म्हणते. फक्त ‘काही नाही गं, मजेत होते आजीकडे’ हे वाक्य आता सोड. माहेरी जाशील तेव्हा दुपारी ताईजवळ बस आणि विचार: मला ठेवून आलीस, त्या रात्री तुला कसं वाटलं? जाब विचारू नकोस, ऐक. तीही कदाचित पहिल्यांदाच बोलेल. फार जड गेलं तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

बाळाला प्रत्येक वेळी अचूक ओळखायला हवं, ही धास्तीही घेऊ नकोस. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणानुसार चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा आई आणि बाळाचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. चुकलं की पुन्हा जुळवून घेणं, यातूनच बाळाचा विश्वास बसतो.

तुला सव्वीस आठवडे रजा आहे, ती पुरेपूर घे. नंतर पाळणाघर असो की आजी, सांभाळणारं माणूस वरचेवर बदलू नकोस. आणि कामावर निघताना नजर चुकवून जाऊ नकोस. रडलं तरी चालेल, सांगून जा, आणि आल्यावर आधी त्याला जवळ घे. तुझं मूल रडलं, तर त्याला अजून तुझा भरवसा आहे असं समज.

तुझी,
मावशी