वहीतील बत्तीसावी

काचबिंदूमुळे माझी नजर कडांकडून आक्रसत चालली आहे आणि उल्का बहुधा कडेलाच चमकते. ‘अहो, ती पाहा!’ असे सौ. म्हणतात, मी मान वळवीपर्यंत नुसते आकाश उरते. म्हणून १३ डिसेंबर २०२३ च्या रात्री मुलाचा जुना कॅमेरा घेऊन आम्ही कान्हे येथे पुतण्याच्या शेतावर गेलो. अमावास्या नुकतीच सरली होती.

पुण्याकडील आकाश पिवळट उजळलेले, तेव्हा तिकडे पाठ करून तिपाई रोवली. अंधारात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो. तो गुरूच्या ठिपक्यावर हाताने जुळविला. वीस सेकंदांचे एक छायाचित्र, लगेच दुसरे, असे पहाटे तीनपर्यंत. मध्येच भिंगावर दव धरले, अर्धा तास वाया गेला. सूर्यास्तानंतर आमच्याकडे चहा नाही; थंडीला घोंगडीचाच आधार!

सौ.नी एकतीस उल्का मोजल्या. सकाळी मी छायाचित्रे व्हाउचरांप्रमाणे एकेक तपासली. विमानाच्या दिव्यांचे ठिपके, उपग्रहाची रेघ पुढच्या चित्रातही सुरू राहतात. उल्का एकाच चित्रात, दोन्ही टोकांना निमुळती. फेथॉन या लघुग्रहाचे हे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात. सात सापडले.

सातवी ब्रह्महृदयाजवळ, हिरवट, सर्वांत ठळक. वेळ दोन वाजून दहा मिनिटे.

‘ही कितवी?’ मी विचारले.

‘तेव्हा मी घोंगडी आणायला आत गेले होते,’ त्या म्हणाल्या.

मी वहीत बत्तीस लिहिले.