वाळूखालची अंडी

मुलांनो, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून तुमची अम्मी कधी रागावली आहे का? माझी पुष्कळदा रागावली आहे. एका फोडीला बुरशी लागली, की शेजारच्या फोडीही खराब होतात.

गेल्या वर्षी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर सहलीला गेलो होतो. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे येतात. मादी वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. कोल्हेकुत्री अंडी खातात, म्हणून गावातील कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

एका घरट्यातील पिल्ले निघून गेली होती. कासवमित्र काकांनी उरलेली अंडी वर काढली. काही अंड्यांवर करडे, पिवळे डाग होते व ती एकमेकांना चिकटली होती. आठवीच्या एका मुलीने विचारले, “टीचर, ही अंडी आधी मेली की बुरशीने मेली?”

“आधी मेली असतील,” मी म्हणाले. बुरशी शिळ्या, मेलेल्या वस्तूंवर वाढते, असेच मी वर्गात शिकवले होते.

घरी येऊन वाचले, तेव्हा माझी चूक कळली. कासवाच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते. त्याच्या बारीक छिद्रांतून आतला जीव श्वास घेतो. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड देशात बोआ व्हिस्ता नावाचे बेट आहे. तेथील लॉगरहेड कासवांच्या मेलेल्या अंड्यांत फ्युझेरियम नावाची बुरशी सापडली. शास्त्रज्ञांनी ती निरोगी अंड्यांना लावून पाहिली. तीही अंडी आजारी पडली आणि बहुतेक पिल्ले आतच मेली. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. ही बुरशी मातीतच राहते आणि एका अंड्यावरून दुसऱ्या अंड्यावर पसरते. अगदी लोणच्यासारखी!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली. ती मुलगी लगेच म्हणाली, “मग खराब अंडे आधीच का काढत नाहीत?”

या वर्षी आम्ही तो प्रश्न काकांनाच विचारला. ते म्हणाले, “घरटे उकरले, अंडे हलले, तर आतले चांगले पिल्लूही दगावते. काढायचे कसे?” म्हणून पिल्ले गेल्यावर ते सगळी टरफले वेचतात आणि पुढच्या हंगामात नव्या, कोरड्या वाळूत घरटी करतात. त्या दिवशी आमच्या मुलींनी दोन बादल्या टरफले वेचली.