दहाच्या आतली माणसं

नंदुरबार जिल्ह्यात दाताचा दवाखाना चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. नवा दवाखाना उभा करणारे डॉक्टर आधी खुर्चीची किंमत विचारतात, मग डिजिटल एक्स-रेची, मग ऑटोक्लेव्हची. खुर्चीशेजारी दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीचा खर्च यादीत सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा त्या खर्चात पगाराशिवाय काही नसतं. मी हा क्रम उलटा मांडते. तिला हिपॅटायटिस बीचे तीन डोस मिळालेत का, बसायला स्टूल आहे का, दुपारी जेवायला अर्धा तास मिळतो का, हे मी उपचाराच्या खर्चात धरते. दयाबुद्धीने किंवा वर्षाअखेरच्या बक्षिसासारखं द्यायची ही गोष्ट आहे असं मला वाटत नाही. ती नीट नसेल, तर पेशंटच्या तोंडात चाललेलं माझं कामही नीट होत नाही.

याचं पहिलं कारण इथली भाषा आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि त्यात दोन तृतीयांशांहून जास्त आदिवासी. धडगाव-मोलगीकडून आलेली बाई पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडचा म्हातारा मावची, शहाद्याचा शेतकरी घरी गुजरी नाहीतर अहिराणी. माझी मराठी त्यांना कळते, पण दुखणं सांगायला ती पुरत नाही. दाढ रात्री ठणकते की गार पाण्याने शिवशिवते, या एका फरकावर नस काढायची की नुसतं सिमेंट भरून भागायचं हे ठरतं. तो फरक पेशंटच्या बोलीतून माझ्यापर्यंत आणते ती सहायिका. घरात कोणाला सिकलसेल आहे का, कार्ड काढलंय का, हेही तीच विचारते. सातपुड्यातल्या लोकांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि असा रुग्ण उपाशी, तहानलेला, घाबरलेला असताना दाढ काढली तर त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो. बाई दिवसातून किती वेळा मशेरी लावते, हे डॉक्टरांपेक्षा तिला खरं सांगितलं जातं. हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमातून येत नाही. ती मुलगी काम सोडून गेली की ते तिच्याबरोबर जातं, आणि दुसरी आली तरी ओळख, विश्वास, बोलीची सवय यांना पुन्हा महिने लागतात.

आता कायद्याकडे पाहू. 1948च्या दंतवैद्यक कायद्याने तीन वर्ग ओळखले: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारची सहायिका त्यांत नव्हती. 2023 साली त्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला, तरी तालुक्याच्या गावी ही मुलगी आजही बारावी होऊन येते आणि डॉक्टरकडे बघत बघतच शिकते. कामगारांच्या बाजूने पाहिलं तर दहा हा आकडा पुन्हा पुन्हा आडवा येतो. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 साली नव्याने झाला तेव्हा साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा, मधली विश्रांती या त्याच्या तरतुदी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागांना लागू झाल्या. 26 आठवड्यांची प्रसूती रजा देणारा कायदाही दुकान-आस्थापनांना दहापासून वर लागतो. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याची अंतर्गत समिती दहापासून वर नेमायची. दहाच्या आत असलेल्यांनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आमच्या दवाखान्यांत माणसं किती? रिसेप्शनवर एक, खुर्चीशी एक-दोन, सफाईच्या मावशी. डॉक्टर धरून चार, फार तर पाच. याउलट 2016चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम बघा. एका खुर्चीच्या दवाखान्यालाही ते पूर्ण लागू आहेत. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, यात माणसं मोजली जात नाहीत. म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची, आणि माणसाच्या रजेची माणसं वाढल्यावर. पण याच कचऱ्याच्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे आणि आमच्यापैकी फार थोडे ती वाचतात: कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी आरोग्य तपासणी, दरवर्षी प्रशिक्षण. हे ऐच्छिक नाही.

लसीवर मी इतका जोर देते, कारण इथे आकडे स्पष्ट आहेत. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता रुग्णाच्या अवस्थेनुसार सुमारे 6 ते 30 टक्के असते. हिपॅटायटिस सीची दोन टक्क्यांच्या आत, एचआयव्हीची 0.3 टक्क्यांच्या आसपास. लोक घाबरतात एचआयव्हीला, आणि ज्याची लस हाताशी आहे त्या बीकडे दुर्लक्ष करतात. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर, सात दिवस टिकू शकतो. आणि सुई टोचते ती बहुधा उपचार चालू असताना नव्हे, नंतर. ट्रे उचलताना, स्केलरची टोकं घासताना, सिरिंजवरची सुई काढताना, संध्याकाळी घरी जायच्या घाईत. म्हणजे डॉक्टर हात धुऊन बाजूला झालेला असतो तेव्हा. उपाय साधे आहेत. भूल दिल्यावर सुईचं टोपण डॉक्टरनेच एका हाताने, टोपण ट्रेमध्ये ठेवून उचलून लावायचं. ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची. अवजारं धुताना पातळ मोजे नकोत, जाड रबरी मोजे हवेत. लस आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडीची पातळी 10च्या वर गेली का ते बघायचं. नियमात नसलं तरी मी यात एक भर घालते: पहिला डोस झाल्याशिवाय अवजारांना हात लावू द्यायचा नाही.

शरीराचं बाकीचं दुखणं इतक्या ठळकपणे दिसत नाही. दंतवैद्यांची मान आणि कंबर जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या प्रत्येक परिषदेत त्यावर व्याख्यान असतं. पण डॉक्टर स्टूलवर बसलेला असतो. सक्शन धरणारी सहायिका मात्र पेशंटच्या डोक्याच्या दुसऱ्या बाजूने वाकून, मनगट वळवून, तासभर उभी असते. तिच्यासाठी थोडं उंच, पाय टेकवायला कडी असलेलं स्टूल ही फार मोठी खरेदी नाही. लहान मूल हलतं म्हणून एक्स-रेचा सेन्सर तिने हाताने धरून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते, ती बंदच व्हायला हवी. धरायला होल्डर आहे, आणि अगदीच गरज पडली तर शिशाचा ॲप्रन घालून मुलाचा नातेवाईक धरेल. रोज पाच-सात वेळा तिने का धरावा? आणि एक गोष्ट ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती म्हणजे पाणी. आमचे दवाखाने बहुतेक भाड्याच्या गाळ्यात असतात. गाळ्याला संडास नसतो किंवा मजल्याचा सामाईक असतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना, मास्क आणि फेस शील्डमध्ये घामाघूम होऊन मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यांतल्याच एखादीला सिकलसेल असेल, तर पाणी न पिणं हाच तिच्यासाठी आजाराला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. जागा बघताना मी आधी नळ आणि संडास बघायला सांगते, रस्त्यावरून दिसणारी पाटी नंतर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: परवडत नाही. इथला पेशंट गरीब, फी कमी, वीज गेली की कॉम्प्रेसर बंद, इन्व्हर्टरचा खर्च वेगळा. हे सगळं खरं आहे. पण तीन डोसांचा खर्च एका रूट कॅनॉलच्या फीपेक्षा कमी आहे, आणि स्टूल खुर्चीच्या एका दुरुस्तीत येतं. खरा खर्च वेळेचा आहे: जेवणाचा अर्धा तास, आठवड्याची सुट्टी. तो मी नाकारत नाही. फक्त त्याच्या समोर सहायिका बदलण्याचा खर्च मांडावा. नव्या मुलीच्या हातून ड्रिलचे बर हरवतात, माप चुकतं, लॅबला काम पुन्हा पाठवावं लागतं, पेशंट दुसऱ्या खेपेला येत नाही. हा खर्च वहीत कुठेच लिहिला जात नाही, म्हणून तो नाही असं वाटतं. दुसरा आक्षेप असा की शिकवून तयार केली की ती लग्न होऊन जाते, नाहीतर सुरतेला जास्त पगारावर जाते. जाते, खरंच. पण जाण्याच्या भीतीने तिला न शिकवणं म्हणजे ती असेपर्यंतही न शिकलेल्या हातांनी काम करून घेणं. त्यात नुकसान पेशंटचं होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो मांडणारे डॉक्टर मनाने चांगले असतात. ते म्हणतात, आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो, अडीअडचणीला पैसे देतो, मुलांची फी भरतो, मग लिहिलेले नियम कशाला? मी याचं मोल कमी लेखत नाही. आजारपणात उसने मिळालेले पाच हजार इथे कुठल्याही योजनेपेक्षा लवकर पोचतात. पण घरच्या माणसाला घरात नाही म्हणता येत नाही. ‘ताई’ म्हणून हाक मारली की रविवारी या म्हणणं सोपं होतं, आणि नाही म्हणणं तिला जड जातं. पगार किती आणि उचल किती हे तोंडी राहिलं की हिशेब डॉक्टरच्या आठवणीवर चालतो, आणि दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर खोटी ती ठरते. माया असावी. पण पगाराची पावती, रजेची वही आणि कामाची वेळ भिंतीवर लिहिलेली असावी. माया असलेल्या जागीच ते जास्त गरजेचं आहे, कारण तिथे मागण्याची लाज वाटते.

पेशंटचं काय, हा प्रश्न उरतोच. धडगावहून पहाटे निघालेला माणूस दुपारी एकला दारात आला, तर जेवणाची सुट्टी आहे, थांबा, असं सांगायचं का? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जे जमतं ते असं: अपॉइंटमेंटची वही एसटीच्या वेळापत्रकावर बेतायची. लांबच्या पेशंटला दुपारी बारापर्यंतची वेळ, म्हणजे त्याला चांदसैलीचा घाट अंधाराआधी ओलांडता येतो. गावातल्यांना संध्याकाळी. जेवण दोघींनी आळीपाळीने करायचं, म्हणजे खुर्ची बंद पडत नाही. सुजलेल्या गालाला मात्र वेळापत्रक नसतं, आणि त्या दिवशी कोणीतरी उपाशी राहतं. ते कोण राहिलं हे लक्षात ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी तिला लवकर सोडणं हे डॉक्टरचं काम.

रजांच्या बाबतीत बाहेरून आलेला डॉक्टर दिवाळीची सुट्टी धरून चालतो. पाड्यावरच्या मुलीला रजा लागते ती होळीला. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेलं घर तेव्हाच परत येतं, होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात. नेमका तोच काळ पेशंटच्या गर्दीचाही, कारण महिनोन्‌महिने दाढ दाबून ठेवलेले लोकही तेव्हाच गावी असतात. आणि प्रसूतीच्या रजेला तर चार माणसांच्या दवाखान्याकडे उत्तरच नसतं. तीन महिने जागा रिकामी ठेवली तर काम अडतं, दुसरी घेतली तर पहिली परत येऊन कुठे जाणार? मला यावर एकच वाट दिसते. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या चार-पाच दवाखान्यांनी मिळून एक राखीव सहायिका ठेवावी, शिकलेली, लस घेतलेली. पगार सगळ्यांनी वाटून द्यावा, आणि जिथे रजा पडेल तिथे ती जावी. प्रवासाचं भाडं आणि उशीर झाला तर मुक्कामाची सोय हे आधी लिहून ठरवावं. होळीचा आठवडा मात्र तिलाही मोकळा द्यावा लागेल. तेव्हा ट्रे आपले आपण धुवायचे, जाड मोजे घालून.