मावशी, मला न्यायला कोण येणार?

मैत्रिणींनो, दवाखान्यात गेल्यावर ज्या बाईला तुम्ही नाव न विचारता हाक मारता, तीच मी. "मावशी, चादर बदला हो", "मावशी, जरा पाणी द्या." डॉक्टरांचं नाव दारावरच्या पाटीवर असतं, सिस्टरांचं बिल्ल्यावर, आम्हां साऱ्याजणींचं नाव एकच, मावशी. फक्त माझी नोकरी साध्या दवाखान्यात नव्हती. ठाण्याच्या मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात मी चोवीस वर्षं काढली.

"अगबाई, वेड्यांच्या इस्पितळात? भीती नाही हो वाटायची?" हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हे विचारणारच. तुमच्याही मनात आलं असेल, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. पहिले काही दिवस वाटली. मग कळलं, की तिथली प्रत्येकजण माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे. कुणाला वाटतं, आपल्या जेवणात विष कालवलंय. कुणाच्या कानात दिवसरात्र कोणीतरी शिव्या देतंय. कुणी कोपरा धरून बसलेली, वर मान करून बघतसुद्धा नाही. अंगावर धावून येणारी एखादीच. बाकीच्या आपापल्या दुःखात बुडालेल्या.

माझं सासर न्हावा शेव्याचं. भातशेती, मिठागरं आणि मासळी यांवर जगणारी ही गावं. जमिनी बंदराच्या कामी गेल्या, १९८९ साली बंदर सुरू झालं, आणि शेतावर पोसलेल्या घरांना महिन्याच्या पगाराची गरज लागली. आमच्याही घराला लागली. म्हणून १९९९ साली मी ही नोकरी धरली. ठाण्याला नणंदेकडे राहायचं आणि सुट्टी मिळाली की एस.टी.नं घर गाठायचं.

ठाण्याचं हे रुग्णालय १९०१ सालचं. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी धरून सरकारची जुनी मनोरुग्णालयं चार. त्यांतलं हे एक, अठराशे पन्नास खाटांचं. एवढ्या मोठ्या संसारात मावशीचं काम काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, तुम्ही घरात करता तेच! अंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, उवा काढायच्या, नखं कापायची, कोण जेवलं आणि कोणी ताट सरकवलं ते बघायचं. पाळीच्या दिवसांत कुणाला काय हवं ते न विचारता द्यायचं. त्यावर आमची जास्तीची कामं म्हणजे पाळी बदलताना माणसं मोजून घ्यायची, नाडी, ब्लेड, काच यांवर डोळा ठेवायचा, आणि गोळी दिली की ती खरंच गिळली का, गालात दाबून ठेवली नाही ना, ते पाहायचं. औषध लिहून देतात डॉक्टर, ते वाटतात सिस्टर. पण आज ही नेहमीपेक्षा गप्प आहे, रात्रभर डोळा लागला नाही, हे आधी मावशीला दिसतं. कारण दिवसभर जवळ तीच असते.

आमच्याच किनाऱ्यावरची एक बाई वॉर्डात आली होती. नाव-गाव सांगत नाही. दोन महिने तिच्या तोंडातून शब्द नाही. घोंगडीच्या कडेचे दोरे उसवायची आणि गाठी मारत बसायची. दोरे दिसले की ते काढून घ्यायचे, हा आमचा नियम. घ्यायला गेले आणि गाठी बघून हात थांबला. ते जाळं होतं! बारीक, एकसारखी घरं पाडलेलं. मी आपल्या गावच्या बोलीत विचारलं, "कुणाचा जाला विणतेस गो बाय?" तिनं मान वर केली. म्हणाली, "बापाचा."

दोरे मी घेतलेच, नियम तो नियम. पण सिस्टरांना सांगितलं, डॉक्टरांच्या कानावर गेलं, आणि दुपारी कोणीतरी समोर बसलेलं असताना तिला सुतळी मिळू लागली. औषधं चालू होतीच. हळूहळू झोप आली, जेवण आलं, मग बोलणं आलं. आणि बोलणं आल्यावर तिचा पहिला प्रश्न कोणता? "मावशी, मला न्यायला कोण येणार?"

मैत्रिणींनो, या नोकरीतलं खरं जड काम हे उत्तर देण्याचं. आजार बहुतेकींचा आटोक्यात येतो. डॉक्टर "घरी न्या" म्हणतात. पत्र जातं, फोन जातो. पत्ता सापडत नाही, किंवा सापडतो आणि पलीकडून ऐकू येतं, "अजून थोडे दिवस राहू द्या. घरात लग्न आहे." ते लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागतात, तरी थोडे दिवस संपत नाहीत.

२०१७ सालचा मानसिक आरोग्याचा कायदा आपल्या बाजूनं आहे, तो माहीत असू द्या. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. साखळीनं बांधायला बंदी आहे. सक्तीनं डोकं भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, केलेल्या कामाचा मोबदला मिळायला हवा. पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं साहित्यसुद्धा त्यात लिहिलेलं आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण कायदा झाला, संस्था झाली, तरी शेवटी घराचं दार घरातलीच बाई उघडते ना?

जाळंवालीसाठी तिची भावजय आली. आधी लांब बसली. मग हळूच मला विचारलं, "मावशी, हिला घरात सांभाळायचं कसं?" तिला सांगितलं तेच तुम्हांला सांगते.

गोळ्या बरं वाटल्यावरही चालूच ठेवायच्या. 'आता छान आहे की' म्हणून बंद केल्या, की आजार उलटायची भीती. हात कापले, अंग ताठरलं, लाळ गळली तर डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतात. आपल्या मनानं थांबवायचं नाही. गोळी रोज नकोच म्हणत असेल, तर काहींना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, त्याची चौकशी करायची. आवाज ऐकू येतात म्हणाली, तर "काहीतरीच काय!" म्हणून भांडायचं नाही आणि हो ला हो करायचं नाही. "मला ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे समजतं," एवढं म्हणायचं. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, अंघोळ सुटली, संशय वाढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवून आणायचं. जमेल ते काम हातात द्यायचं. आणि तिच्यादेखत आल्यागेल्याला तिच्या आजाराची गोष्ट सांगायची नाही.

अंगारे-धुपारे करायला गावात माणसं असतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, गोळ्यांत मात्र खंड पडू देऊ नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळंतीण झोपेना, भलतंसलतं बोलायला लागली, तर 'बाहेरचं झालं' म्हणत दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तोवर तिला नि बाळाला एकटं सोडू नका. विचारायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. २०२२ सालापासून तो चालू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

भावजय तिला घेऊन गेली. पुढं ओ.पी.डी.त गोळ्या न्यायला दोघी बरोबर यायच्या.

तुमच्या नात्यात, शेजारात अशी एखादी तिकडे राहिलेली असेल तर निदान भेटून या. नेणार असाल तर तारीख कळवा आणि कळवाल ती पाळा. तारीख समजली, की आमच्या बायका आदल्या दिवशीच केस धुऊन, पिशवी भरून दाराशी बसतात हो.